'नोरिप्लाय'वर लावलेला फिल्टर आणि अडकलेला जीएसटीआर-1

मासिक जीएसटीआर-1 (विक्रीच्या तपशिलाचं जीएसटी विवरणपत्र) भरायची मुदत 11 तारखेला संपते. इचलकरंजीतल्या एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर आदल्या दिवशी तो भरायला घेतला, तर पोर्टल पुढेच जाऊ देईना. कर सल्लागारांनी पाहिलं आणि कारण सापडलं: डीआरसी-01बी प्रलंबित. जीएसटीआर-1 मध्ये दाखवलेला कर आणि जीएसटीआर-3बी (ज्यातून प्रत्यक्ष कर भरतात ते विवरणपत्र) मधून भरलेला कर यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की पोर्टल आपणहून ही सूचना काढतं. सात दिवसांत एकतर फरक डीआरसी-03 या फॉर्मने भरायचा, नाहीतर कारण देऊन उत्तर द्यायचं. दोन्ही राहिलं की पुढचा जीएसटीआर-1 अडतो. सूचना पोर्टलवर दिसते आणि नोंदवलेल्या ईमेलवरही येते.

शेठ ठाम होते. "मेल आलाच नाही. मी रोज सकाळी बघतो." सल्लागारही तितकेच ठाम, की मेल गेलेला आहे. अशा पेढ्यांच्या संगणकाची आणि मेलची कामं मी बघतो, म्हणून फोन माझ्याकडे.

अशा वेळी माणसं जीमेलच्या सर्चमध्ये 'जीएसटी' टाकतात, काही मिळालं नाही की मेल आला नाही असं धरून चालतात. इथंही तेच झालं होतं. साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये शोधतच नाही. सर्चच्या पट्टीत उजव्या टोकाला रेघांचं चिन्ह असतं, ते दाबलं की रकान्यांचा फॉर्म उघडतो. त्यात खाली कुठे शोधायचं ते निवडता येतं. तिथे 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' घेतलं, 'फ्रॉम'मध्ये जीएसटी पोर्टलचं डोमेन (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) टाकलं आणि मेल समोर आला. ट्रॅशमध्ये. एकटा नव्हता, त्याच्याबरोबर बँकेची स्टेटमेंटं आणि महावितरणची बिलंही होती. ट्रॅशमधला मेल 30 दिवसांनी कायमचा पुसला जातो, त्यामुळे त्याआधीचं जे गेलं ते गेलंच.

येणाऱ्या मेलवर आपोआप चालणारे नियम, म्हणजे फिल्टर, बघायला सेटिंगमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' उघडलं. पहिल्याच ओळीत उलगडा झाला. 'फ्रॉम'च्या रकान्यात 'नोरिप्लाय' किंवा 'डूनॉटरिप्लाय', आणि कृती 'डिलीट इट'. हिशेब बघणाऱ्या भाच्यानं इनबॉक्स हलका करायला म्हणून तो लावला होता. हेतू समजण्यासारखा आहे, पण असा फिल्टर मला अनेक ठिकाणी दिसतो आणि तो सगळीकडे असाच उलटतो. 'नोरिप्लाय' एवढंच सांगतो की या पत्त्यावर उत्तर पाठवू नका. पाठवणारा कोण, हे त्यातून कळत नाही. सरकारी पोर्टलं, बँका, वीजबिलं, विमा, सगळे तसल्याच पत्त्यांवरून लिहितात. जाहिराती मात्र बहुधा 'ऑफर्स', 'न्यूज' असल्या नावांच्या पत्त्यांवरून येतात. म्हणजे कचरा जागेवर राहिला आणि कागद तेवढे गेले.

भाच्याला धोका कळला नव्हता असंही नाही. त्यानं जीएसटीच्या डोमेनसाठी दुसरा फिल्टर करून ठेवला होता: तारा लावा, लेबल लावा. त्याला वाटलं, हा जास्त नेमका आहे, तो आधी चालेल. आउटलुकमध्ये तशी सोय आहे. नियम वरून खाली क्रमानं चालतात आणि 'पुढचे नियम थांबवा' अशी खूणही करता येते. जीमेलमध्ये मेल ज्या ज्या फिल्टरात बसतो ते सगळेच लागू होतात. सूचनेच्या मेलला तारा लागला, लेबल लागलं, आणि तो तसाच सजून ट्रॅशमध्ये गेला.

आधी सूचनेचा निकाल लावला. एक बिल दोनदा चढलं होतं. सल्लागारांनी डीआरसी-01बीच्या भाग ब मध्ये तसं उत्तर भरलं आणि जीएसटीआर-1 उघडला. घाई एवढ्यासाठी की खरेदीदारांचं जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या क्रेडिटचं पत्रक, 14 तारखेला तयार होतं. विक्रेत्याचा जीएसटीआर-1 वेळेत गेला नाही तर त्यात त्यांचं क्रेडिट दिसत नाही, आणि मग प्रत्येक खरेदीदाराचा फोन पेढीवर.

मग फिल्टर नव्यानं बांधले. हे काम मोबाइलच्या ॲपमध्ये होत नाही, संगणकावर ब्राउझरमध्येच बसावं लागतं. माझी रीत अशी: सर्चच्या त्याच फॉर्ममध्ये अटी भरायच्या आणि आधी नुसता सर्च करायचा. निकालाची दोन-तीन पानं नीट वाचायची. नको तो मेल त्यात दिसत नाही अशी खात्री झाली, की मगच 'क्रिएट फिल्टर'.

पहिला फिल्टर सरकारी मेलचा. 'फ्रॉम'मध्ये जीएसटी आणि आयकर यांची पूर्ण डोमेनं, मध्ये ऑर (OR), तेही कॅपिटल अक्षरांत. लहान अक्षरांतला ऑर जीमेल साधा शब्द म्हणून शोधतो. पाठवणाऱ्याच्या नावावर फिल्टर कधी लावू नये. नाव कुणीही 'जीएसटी विभाग' ठेवू शकतो, आणि रिफंडच्या खोट्या मेलवर तसंच असतं. कृती: 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम', तारा, 'सरकारी' हे लेबल, आणि सल्लागारांच्या पत्त्यावर फॉरवर्ड.

फॉरवर्डसाठी तो पत्ता आधी पडताळून घ्यावा लागतो. खात्रीचा कोड सल्लागारांच्या मेलवर जातो. तो त्यांना दिसेना. कारण गूगलचा तो मेलही 'नोरिप्लाय'वालाच, आणि त्यांच्या कार्यालयातही कुणीतरी तसाच फिल्टर लावून ठेवलेला. फरक इतकाच की तिथे 'डिलीट' नसून 'स्किप द इनबॉक्स' (मेल न पुसता इनबॉक्सबाहेर ठेवणं) होतं, त्यामुळे कोड 'ऑटो' नावाच्या लेबलात सापडला. एक ध्यानात ठेवायचं: जुन्या मेलांनाही फिल्टर लावा अशी खूण केली तरी फॉरवर्ड मात्र नव्या मेलांनाच लागू होतं. जुन्या सूचना हातानं पाठवल्या.

गिरण्यांच्या बिलांचा फिल्टर शब्दांवर लावून बघितला आणि सोडून दिला. जीमेल अर्धा शब्द ओळखत नाही. 'इन्व्ह' टाकून 'इन्व्हॉइस' मिळत नाही, आणि प्रत्येक गिरणी विषयाच्या ओळीत वेगळंच लिहिते. शेवटी गिरण्यांची डोमेनंच घातली, वर अटॅचमेंटची खूण. लेबल फक्त, इनबॉक्समधून हलवायचं नाही.

खरा गठ्ठा जाहिरातींचा. 'हॅज द वर्ड्स'मध्ये 'अनसबस्क्राइब' टाकलं की बहुतेक सापडतात, पण सर्चच्या निकालात बँकेचं स्टेटमेंटही आलं, कारण त्याच्या तळाशीही तोच शब्द. म्हणून बँका आणि सरकारी डोमेनं 'डझन्ट हॅव'मध्ये घातली, तीही प्रत्येकाच्या आधी 'फ्रॉम' आणि कोलन (from:) लावून, नाहीतर तो रकाना मेलच्या मजकुरातले शब्द तपासतो. कृती 'स्किप द इनबॉक्स' आणि 'जाहिराती' लेबल. 'मार्क ॲज रीड' नको. न वाचलेल्यांचा आकडा लेबलाशेजारी दिसत राहिला तर फिल्टर काय गिळतोय ते कळतं. ओळखीच्या कंपन्यांचे मेल तर मुळातच बंद करून टाकावेत. 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये बंद करायची सोय द्यावी लागते, त्यामुळे नावाशेजारचं 'अनसबस्क्राइब' आता बऱ्यापैकी काम करतं. अनोळखी मेलातल्या दुव्यावर मात्र क्लिक नको, तो सरळ स्पॅम.

शेठची एक मागणी होती: सहा महिन्यांवरच्या जाहिराती आपोआप पुसल्या जाव्यात. फिल्टरनं ते होत नाही. फिल्टर मेल येतो त्या क्षणी तपासतो, आणि त्या क्षणी कुठलाच मेल सहा महिन्यांचा नसतो. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम वेळ लावून चालवता येतो, पण पेढीवर तो सांभाळणारं कुणी नाही. त्यापेक्षा सर्चमध्ये लेबल आणि 'ओल्डर दॅन'ची अट टाकायची, वरच्या चौकोनात टिक करायची, आणि 'सर्चमध्ये बसणारे सगळे निवडा' ही वर उमटणारी ओळ दाबायची. ती राहिली तर पहिलंच पान पुसलं जातं आणि माणूस समजतो काम झालं.

सगळे फिल्टर एक्सपोर्ट करून ती फाइल पेनड्राइव्हवर दिली. पुसायचं काम आता दिवाणजी करतात, महिन्यातून एकदा, लेबल डोळ्यांखालून घालून. पहिल्याच खेपेला त्यांना 'जाहिराती'त गोदामाच्या विम्याची नूतनीकरणाची सूचना मिळाली. त्या कंपनीचं डोमेन 'डझन्ट हॅव'मध्ये वाढवलं.