मावशींचा ठसा

आज सुट्टी टाकून शेजारच्या मावशींबरोबर श्रावणबाळ योजनेच्या, म्हणजे राज्य सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनच्या, अर्जासाठी गेले होते. वय ७१. चाळीस वर्षं सदाशिव पेठेत धुणीभांडी केली. यंत्रावर बोट ठेवलं, ठसा उमटेना. पुसून ठेवलं, दुसरं बोट ठेवलं, तरी नाही. राखेने आणि साबणाने बोटांवरच्या रेघाच गेल्यात. मावशी पदरात हात लपवून उभ्या राहिल्या, जणू चूक त्यांचीच.

चौथ्यांदा जमलं. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुलगा रिक्षा चालवतो, त्याचं उत्पन्न धरलं. तो देतो का, हे कुणी विचारलं नाही.

याच पुण्याचे, हमालांचे नेते बाबा आढाव कष्टकऱ्यांसाठी सरसकट पेन्शन मागत राहिले, किमान वेतनाच्या निम्मी. मला ती मागणी आज खरी कळली. गरिबी सिद्ध करायला लावली की सगळ्यात गरीब माणूसच गळतो: कागद नसतात, सोबत कुणी नसतं. वय झालं की पेन्शन, एवढंच ठेवलं तर हे गाळणं थांबतं. नेपाळने १९९० च्या दशकातच उत्पन्नाचा दाखला न मागता वृद्धभत्ता सुरू केला. आपल्याकडे गरीब वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांना अजून महिन्याला २०० रुपयेच!

येताना मावशी मेडिकलपाशी थांबल्या. बीपीच्या गोळ्यांची अर्धीच स्ट्रिप कापून घेतली. "एक दिवसाआड घेते गं," म्हणाल्या.