पेक पेटीत पडली की पोचली

तोरिनोत नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना माझा आग्रह असतो: भाडेकरार झाला की लगेच पेक उघडा. पेक ही इटलीतली प्रमाणित ईमेल. २००५ पासून तिला कायद्याने पोचपावतीच्या रजिस्टर पत्राइतकंच वजन आहे, आणि खातं वर्षाला थोडक्या युरोंत मिळतं.

मी मागचं घर सोडलं तेव्हा तिचा उपयोग कळला. इथे भाडेकरूला सहसा सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. घर एका कंपनीच्या मालकीचं होतं. २००८ च्या कायद्याने कंपन्यांना पेक पत्ता ठेवणं सक्तीचं झालं, आणि तो इनी-पेक या सरकारी यादीत कुणालाही शोधता येतो. तिथून पत्ता घेतला, सही केलेली नोटीस जोडली आणि पाठवली. लगोलग दोन पावत्या आल्या. पहिली माझ्या सेवादात्याची: पत्र स्वीकारलं. दुसरी त्यांच्या सेवादात्याची: पत्र त्यांच्या पेटीत पडलं, अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक सेकंदांनी.

सगळा जीव या दुसऱ्या पावतीत आहे. तिच्यात मूळ पत्र जोडपत्रांसकट असतं आणि त्यावर सेवादात्याची डिजिटल सही असते. कागदी रजिस्टरची पावती पाकीट पोचल्याचं तेवढं सांगते. आत कोरा कागद होता, असं समोरचा म्हणू शकतो. पेकमध्ये ती पळवाट उरत नाही. पुढे कंपनीतून फोन आला, 'आम्ही ते उघडलंच नाही.' उघडलं की नाही हे कायदा विचारत नाही. मी पावती पाठवली आणि नोटिशीची तारीख तीच धरली गेली. परक्या मुलखातल्या भाडेकरूच्या हाती एवढं बळ असणं मला फार मोलाचं वाटतं.

मात्र दोन्ही टोकांना पेकच हवी. साध्या जीमेलवरून पाठवलेल्याला ही किंमत नाही. पावतीची मूळ फाइलच जपून ठेवा, सही तिच्यात असते, स्क्रीनशॉटमध्ये नाही. सेवादात्याला नोंदी ३० महिनेच ठेवाव्या लागतात.

आणि २०२३ मध्ये खुल्या झालेल्या इनाद या नागरिकांच्या यादीत तुम्ही आपला पत्ता नोंदवलात, तर पेटीत पडलं की पोचलं, हा नियम तुम्हालाही लागतो. गाडीचा दंडही मग पेकवर येऊ शकतो. पाच दिवसांत भरला तर बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते, आणि ते दिवस पत्र पेटीत पडल्यापासून मोजतात. म्हणून फोनवर सूचना चालू ठेवा, सुट्टीत सांगलीला गेलात तरी.