बर्फाच्या लाद्या

आज सुट्टी, म्हणून कपाट आवरायला काढलं होतं. तळाशी कामिला शम्सीची 'होम फायर' (२०१७) ही कादंबरी सापडली आणि तिथेच फतकल मारून बसले. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसची 'अँटिगनी', पण लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली. थीब्जचा राजा क्रेऑन इथे ब्रिटनचा गृहमंत्री, तोही मुस्लिम घरातलाच. अनीकाच्या आयसिसमध्ये गेलेल्या भावाचं प्रेत ब्रिटनमध्ये आणू द्यायचं नाही, हा त्याचा हुकूम. मग अनीका कराचीतल्या एका बागेत, भर उन्हात, प्रेताशी बसून राहते. भोवती बर्फाच्या लाद्या, वितळत चाललेल्या. गोष्ट अडीच हजार वर्षांची, पुढे काय होणार ते ठाऊक, तरी पोटात कालवलं. शेवट मात्र जरा सिनेमासारखा वाटला मला. दोनदा केलेला चहा दोनदा गार. कपडे अजून पलंगावरच पडलेत.