ऑफिसचा प्रिंटर, घरचे कागद

आज दिवसभर ऑफिसच्या प्रिंटरवर घरच्याच कागदांची गर्दी! दोन-चार पानांना सहसा कोणी हरकत घेत नाही, पण मशीन हिशेब ठेवतं. कोणी, कधी, किती पानं काढली हे लॉगमध्ये जातं, बऱ्याचदा फाइलच्या नावासकट. ‘नवा बायोडेटा फायनल’ या नावाने प्रिंट देणं म्हणजे राजीनाम्याची दवंडीच.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते काचेवरचं ओळखपत्र. झेरॉक्स हातात आली की माणूस निघतो, मूळ कार्ड झाकणाखालीच. स्कॅन करताना शेअर्ड फोल्डर निवडलात, तर बँक स्टेटमेंट अख्ख्या विभागाला उघडं.

कागद अडकला तर आधी स्क्रीनवरून जॉब रद्द करा, मग कागद ओढा. नुसता कागद काढून झाकण लावलं की उरलेली पानं बहुतेक मशीन आपोआप छापतात, आणि ती नेमकी दुसऱ्याच्या हाती लागतात. सिक्युअर प्रिंटची सोय असेल तर पिन टाकेपर्यंत पान बाहेर येत नाही. खासगी कागदाला तेच बरं.

मुलांच्या प्रोजेक्टसाठी इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका हो! आतला फ्यूजर, म्हणजे शाईची पूड कागदावर पक्की करणारा भाग, साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. कागदाचा लेप वितळून रोलरला चिकटतो. शिवाय टोनर, म्हणजे ही शाईची पूड, किती पानं चालेल हे पानाचा सुमारे ५ टक्के भाग छापला जाईल असं धरून मोजतात. पानभर चित्र म्हणजे कित्येक पत्रांचा टोनर एकाच पानावर.