डहाळी तुला, पगार मला

फिनलंडमध्ये माझ्या हातून घडता घडता राहिलेला एकमेव गुन्हा म्हणजे डहाळ्यांची चोरी.

मार्च अर्धा उलटला होता. टाम्पेरेतलं नॅसियार्वी तळं अजून गोठलेलंच होतं, पण बालवाडीच्या वाटेवर विलोच्या झुडपांना राखाडी, लवदार कळ्या फुटल्या होत्या. या कळ्यांना इथं 'पायुनकिस्सा' म्हणतात, म्हणजे विलोची मांजरं. बोट फिरवलं की नाव पटतं. पाम संडेसाठी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारसाठी, मुलांना डहाळ्या लागतील असं सहकारी शिक्षिका म्हणाली होती, म्हणून मी उत्साहाने कात्री घेऊन निघाले, तर मागून तीच धावत आली. इथं कुणाच्याही रानात शिरून बेरी तोडा, अळंबी वेचा, कुणी हटकत नाही. तो सगळ्यांचा हक्कच आहे. पण झाडाची डहाळी कापायची तर जमिनीच्या मालकाला विचारावं लागतं. शेवटी एका मुलाच्या आजोबांनी आपल्या शेताच्या चराकडेच्या डहाळ्या बादलीभर आणून दिल्या.

माझ्या वर्गातली मुलं सहा वर्षांची. शाळा सातव्या वर्षी सुरू होते, त्याआधीचं हे वर्ष. ती मला नावाने हाक मारतात. बाई नाही, मॅडम नाही, सरळ नाव आणि अगंतुगं. पहिले दोन महिने मी दचकायचे. आता कुणी आदराने बोललं तरच दचकेन.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी इथली मुलं चेटकिणी होतात. डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन, गालांवर लाली आणि काढलेले ठिपके, एका हातात जुनी कॉफीची किटली, दुसऱ्या हातात रंगीत पिसं नि क्रेप कागद बांधलेल्या डहाळ्या. दारोदार जायचं, घरातल्या माणसाच्या अंगावरून डहाळी हलवत गाणं म्हणायचं, डहाळी द्यायची आणि खाऊ किटलीत टाकून घ्यायचा. रविवारी बालवाडीला सुट्टी, म्हणून आमच्या चेटकिणी शुक्रवारीच निघणार होत्या, जवळच्या वृद्धाश्रमात.

चेटकीण आशीर्वाद द्यायला का येते, हे मला कळेना. चौकशी केल्यावर कळलं की हे दोन वेगळ्या प्रथांचं लग्न आहे. पूर्वेकडच्या कारेलियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक पाम संडेला पामच्या झावळ्यांऐवजी विलोच्या डहाळ्या वापरत. या थंडीत झावळ्या कुठून येणार! ती डहाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगावरून फिरवून शुभ चिंतायचं. पश्चिमेकडे मात्र ईस्टरच्या सुमारास दुष्ट चेटकिणी गोठ्यात शिरून गुरांना पीडा करतात असा समज होता, आणि त्यांना पळवायला होळ्या पेटवत. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून उरलेल्या देशभर पांगली आणि आपल्याबरोबर डहाळ्याही घेऊन आली. पुढे पोरांनी पश्चिमेच्या चेटकिणीचा वेश चढवला आणि पूर्वेचं गाणं उचललं. धर्मपंडितांना जमलं नसतं ते खाऊच्या ओढीने जमवलं.

गाणं असं:

विर्वोन, वार्वोन,
तुओरेऽक्स, तेर्वेऽक्स,
तुलेवाक्स वुओदेक्स,
वित्सा सुल्ले, पाल्क्का मुल्ले!

पहिले दोन शब्द म्हणजे डहाळी फिरवणं. पुढे: येत्या वर्षासाठी ताजेतवाने राहा, निरोगी राहा; डहाळी तुला, पगार मला. यातला 'पाल्क्का' हा शब्द मी आधीपासून ओळखत होते, कारण माझ्या पगारपत्रकावरही तोच असतो. 'मुल्ले' म्हणजे 'मला', पण माझ्या कानाला कितीतरी दिवस 'मुले'च ऐकू येत होतं.

मुलांनी माझी तालीम घेतली. फिनिशमध्ये स्वर लांबवला की अर्थ पालटतो: 'तुली' म्हणजे आग, 'तूली' म्हणजे वारा. मी 'तेर्वेक्स' म्हटलं की पाच-सहा जण एका सुरात 'तेर्वेऽऽक्स' म्हणत. शाळेत असताना माझ्या वह्या ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल शाईने भरलेल्या असायच्या. ती शाई पाठलाग करत इथवर येईल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी रंगरंगोटी. मोठ्यांनीही वेश करायचा असतो, त्यामुळे माझ्यासमोर एक मुलगी तपकिरी पेन्सिल घेऊन बसली. तिने माझ्या गालावर चार ठिपके काढले, मागे सरून पाहिलं, पुन्हा काढले. उमटेचनात. माझ्या रंगात तो रंग मुरून जात होता. मी काहीतरी बोलणार, इतक्यात ती उठून रंगांच्या डब्यापाशी गेली, पांढरी पेन्सिल घेऊन आली आणि काम पुढे चालू. चर्चा नाही, काही नाही. आरशात पाहिलं तर गालांवर बर्फ पडल्यासारखा दिसत होता.

बाहेर दोनच अंश. त्यामुळे थंडीचे जाडजूड ओव्हरऑल आधी आणि झगे वरून. सोळा गलेलठ्ठ चेटकिणी, त्यांतला एक ससा आणि दोन मांजरं, चिखलातून दोघा-दोघांच्या रांगेत. एकाची किटली वाटेत तीनदा पडली. त्या आवाजावर तो इतका खूश झाला की चौथ्यांदा पाडलीच.

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात खिडकीत ताटलीभर हिरवंगार गवत वाढवलेलं होतं. ईस्टरसाठी इथं घरोघरी पेरतात. मला तर थेट घटच आठवला. मुलं पांगली, गाणी सुरू झाली, खाऊ खणखणत किटल्यांत पडू लागला. मी एका चाकाच्या खुर्चीतल्या आजींसमोर उभी राहिले आणि दीर्घ स्वर जपत सगळं म्हटलं. मग डहाळी दिली आणि उगाचच हात पुढे केला.

आजी हसल्या नाहीत. सहकारी शिक्षिकेने त्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं: त्या कारेलियातल्या, लहानपणीच तिथून निघालेल्या. त्यांच्या गावात चेटकिणीबिटकिणी नसत, अंगावर रोजचेच कपडे. आणि पगार लगेच मागायचा नाही. आज डहाळी द्यायची, पगार आठवड्याने, ईस्टरला न्यायचा. एवढं सांगून त्यांनी माझी डहाळी मांडीवर ठेवली आणि माझ्या हातावर एक चापटी मारली.

मी गेले. जावं की नाही यात सकाळ घालवून, ईस्टरच्या रविवारी दुपारी. त्यांना आठवत असेल का, हीच धास्ती. डहाळी खिडकीत पाण्याच्या ग्लासात होती, तिला बारीक पानं फुटली होती. आजींनी मला ओळखलं असावं, किंवा नसेलही. गालांवरचा बर्फ तर आता नव्हता. पण टेबलावरचं अंडं उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि एकच शब्द उच्चारला, 'पाल्क्का.'

ते फाझर या फिनिश चॉकलेट कंपनीचं ईस्टरचं अंडं होतं, मिन्योन. १८९६ पासून बनतं म्हणे. मी त्याला अंड्याच्या आकाराचं चॉकलेट समजून चावायला निघाले, तशी आजींनी माझं मनगट धरलं आणि टेबलाच्या कडेकडे बोट दाखवलं. उकडलेलं अंडं फोडतो तसं मी ते आपटलं. कवच खरंच कोंबडीच्या अंड्याचं होतं.