मामींना हवा असलेला दाखला

"मृत्यूचा दाखला घेऊन टाका ना, आठ दिवसांत काम होईल." तीन फेऱ्यांत हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. पाचव्या वेळी मी चक्क मराठीत उत्तर दिलं. कारकुनाला शब्द कळले नाहीत, सूर कळला असावा.

माझं सासर श्रीलंकेतलं, उत्तरेतल्या किलिनोच्चीचं, तमिळ. तिकडे सासूला मामी म्हणतात, मीही तेच म्हणते. माझा धाकटा दीर मे २००९ मध्ये, तमिळ वाघ आणि लष्कर यांच्यातल्या युद्धाच्या अगदी शेवटी, मुल्लैतीवूजवळच्या वट्टुवाहल पुलावर लष्कराच्या स्वाधीन झाला. मामींनी त्याला पूल ओलांडताना पाहिलं, तेच शेवटचं.

त्याच्या नावावर थोडी जमीन आहे, म्हणून कागद हवा होता. २०१० च्या कायद्याने बेपत्ता माणसाच्या मृत्यूचा दाखला मिळतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो बेपत्ता आहे एवढंच सांगणारा दाखलाही मिळतो. मामींना हाच हवा होता. "तो मेला हे मी लिहून द्यायचं, आणि ज्यांनी नेला त्यांनी काहीच लिहून द्यायचं नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारकुनाकडेही नव्हतं, पण त्याच्याकडे फॉर्म होता.

गावच्या ग्रामसेवकाचं पत्र एका सकाळीत मिळालं (हो, तिथेही ग्रामसेवकच म्हणतात). बेपत्ता व्यक्तींच्या कार्यालयातली नोंद आधीच होती. अडलो ते कोलंबोतल्या एका कचेरीत, जिचं नाव इथे घेत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर तिथून पत्र आलं, तेही सिंहलीत. तमिळ १९८७ पासून संविधानात राजभाषा आहे, पण टंकलेखन करणाऱ्याला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. सोबत एक फॉर्म होता आणि सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. तिसऱ्या फेरीत बाकावर बसल्या बसल्या मामी सही करायलाच निघाल्या होत्या. मी पेन हातातून काढून घेतलं.

शेजारी दक्षिणेतल्या मातरहून आलेली एक सिंहली बाई होती, साधारण माझ्या आईच्या वयाची. मामी तिच्यापासून दीड हात सरकून बसल्या होत्या. मी तिच्यापुढे कागद धरला. तिने वाचून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "पत्रात नाव जुळत नाही असं आहे. पण हा फॉर्म मृत्यूनोंदीचा आहे."

तिचा भाऊ १९८९ मध्ये, जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाच्या उठावाच्या काळात, घरातून नेला होता. तिच्या आईने नव्वदच्या दशकात मृत्यूचा दाखला घेतला, थोडे पैसेही मिळाले. "नंतर कोणी दारात आलं नाही. म्हणून मी पुन्हा सुरू केलंय." हे मी माझ्या तोडक्या तमिळमध्ये मामींना सांगितलं. मामी बराच वेळ गप्प. मग पिशवीतला फोटो काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः काही न बोलता तिचा फोटो मागायला हात पुढे केला.

नावाची भानगड अशी: तमिळमध्ये वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आधी, मग स्वतःचं नाव. जन्मदाखल्यावर तसंच होतं, ओळखपत्रावर सिंहलीत लिहिताना एक अक्षर गळालं. जाण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. आम्ही पाहिलं नाही, तीन महिने गेले. आणि तक्रारींच्या जुन्या पावत्या फेकू नका. रेड क्रॉसची, मानवाधिकार आयोगाची, बेपत्तांसाठीच्या २०१३ च्या राष्ट्रपती आयोगाची, मामींनी सगळ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवल्या होत्या. शेवटी त्यातल्याच एकीवर नाव बरोबर निघालं. सही करण्याआधी फॉर्म वाचून घ्या हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं, आठवलं आत्ता.

दाखला मिळाला तेव्हा मला विजयी वगैरे वाटत होतं. मामींनी तो उलटसुलट पाहिला आणि मुदत विचारली. दोन वर्षं, मग नूतनीकरण. त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये ती तारीख टाकून घेतली, आणि मी खरंच टाकली का हे दोनदा पाहिलं.