बिनकामाचा एस

इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एकच शेपूट उरलंय. आय गो, यू गो, वी गो, दे गो इथपर्यंत सगळं बिनबोभाट. ही, शी किंवा इट आलं की मात्र 'गोज'. नियम एका दमात सांगून होतो आणि जन्मभर चुकत राहतो. बरं, चुकला म्हणून अडतं काय? 'शी लिव्ह हिअर' म्हटलं तरी कोण, कुठे, एक की अनेक, सगळं ऐकणाऱ्याला कळतंच. शिवाय बोलणाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे हेही कळतं. या एसला आता तेवढंच काम उरलं असावं, असा मला दाट संशय आहे.

मराठी क्रियापद असं बसून खात नाही. नुसतं 'येतेस?' विचारलं, की समोर एकटीच आहे, बाई आहे आणि तिच्याशी आपलं अगंतुगं चालतं, इतकं सगळं आलं. म्हणून तर 'तू' खुशाल गाळता येतो. इंग्रजीत कर्ता गाळायची सोय नाही. 'शी' आधीच येऊन बसलेली असते आणि मागून एस येऊन तीच बातमी पुन्हा सांगतो.

पूर्वी त्याला सोबत होती. 'दाउ', म्हणजे तू, आला की क्रियापदाला 'एस्ट' लागायचं. त्यातला एस आणि आपल्या 'गच्छसि'मधला सि एकाच कुळातले. 'यू' हे मुळात अनेकवचन. ते आदराने एकालाही वापरू लागले आणि आदर एवढा फोफावला की दाउची हकालपट्टी झाली. आज इंग्रजी माणूस आपल्या कुत्र्यालाही अहोजाहो करतो म्हणायचं! समोर एकच जण असला तरी 'यू आर', ते त्यामुळेच. दाउ गेला, त्याबरोबर एस्टही गेलं. बाकीचे प्रत्यय बोलता बोलता झिजले.

उरला तो तृतीयपुरुषी. पण तोही मूळचा 'एथ'. एस उत्तर इंग्लंडच्या बोलीतून हळूहळू दक्षिणेत उतरला, आणि शेक्सपिअरच्या काळात दोघेही सुखाने नांदत होते. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया दयेबद्दल बोलते, तिथे एकाच ओळीत 'ब्लेसेथ'ही आहे आणि 'गिव्ह्ज', 'टेक्स'ही. छंदात बसेल ते घ्यावं, अशी मजा होती. १६११च्या बायबलने मात्र एथची कास सोडली नाही, म्हणून त्याची भाषा आजही सोवळ्यातली वाटते. पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोककडच्या जुन्या बोलीत तर दोन्हींना फाटा देऊन सरळ 'शी गो' म्हणतात. मला ही मंडळी फार शहाणी वाटतात.

इंग्रजी घरातल्या पोरांनाही हा एस लवकर वश होत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांचं बोलणं बारकाईने टिपून १९७३ साली जो क्रम मांडला, त्यात अनेकवचनाचा एस बराच आधी येतो आणि क्रियापदाचा बराच मागून. उच्चार तोच, जागा बदलली की अडचण.

त्यात तो एका जागी ठरतही नाही. प्रश्न आला की उडी मारून 'डू'ला चिकटतो: 'डज शी लिव्ह हिअर?' मग सवयीने 'लिव्ह'लाही एस लावावासा वाटतो, आणि तिथे नेमका तो नको असतो. 'कॅन', 'मस्ट' यांच्या तर वाऱ्यालाही उभा राहत नाही. 'द लिस्ट ऑफ नेम्स' म्हटल्यावर शेजारच्या 'नेम्स'ला भुलून 'आर' लिहिणाऱ्यांत जन्माने इंग्रज असलेलेही निघतात. 'कमिटी'चं क्रियापद अमेरिकेत बहुधा एकवचनी. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं. कमिट्यांचा कारभार पाहता ब्रिटिशांचं बरोबर असावं.

आणि शिंक आल्यावर म्हणतात ते 'गॉड ब्लेस यू'. गॉड एकच, तृतीयपुरुषी, तरी 'ब्लेसेस' नाही. ती इच्छा आहे, आपल्या 'देव तुझं भलं करो'सारखी, आणि इच्छेला एस लागत नाही.